नाही म्हणता येत नाही

माझ्या गर्भाशयाची बातमी आमच्या शाळेत सगळ्यांना कळली आणि मग मला कळली. आधी हेडमास्तरांनी वाचली, मग शेजारच्या वर्गाच्या बाईंनी, मग आणखी कुणी कुणी वाचली असेल ते त्यांनाच ठाऊक. मधल्या सुट्टीत शिपायाने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा ते उघडलेलंच होतं. मी हेडमास्तरांना विचारलं, माझ्या नावाचं पाकीट तुम्ही का फोडलं. ते म्हणाले, शाळेच्या पत्त्यावर आलं, शासकीय वाटलं. माझ्या गर्भाशयाचा शासनाशी काय संबंध, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते दिवस असे होते की आमच्यातल्या माणसाने स्टाफरूममध्ये आवाज चढवला की लगेच त्याचा मोर्चा व्हायचा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं उलटली होती, नाव बदललं नव्हतं, आणि न बदललेल्या नावाचा राग मात्र रोज आमच्यावर निघत होता. शिपाई मला पाणी वरून ओतायचा. मी घरून बाटली न्यायला लागले तर म्हणाले, बाईंना फार मान लागतो.

पाकीट शाळेत यायचं कारण, तपासणी शाळेमार्फत झाली होती. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात बायकांसाठी शिबिर भरलं होतं. परभणीच्या कुठल्याशा मंडळाला समाजसेवेची हौस आली होती आणि खुर्च्या भरायला बायका हव्या होत्या. वरून आदेश आला की शिक्षिकांनी स्वतः तपासून घ्यावं आणि आपापल्या गल्लीतल्या बायकाही आणाव्यात. बाकीच्या बाया कुरकुरल्या. मी मात्र राजीखुशीने गेले, कारण माझी गरज होती. मुलगी सात वर्षांची झाली होती. तिच्या पाठीवर एकदा दिवस गेले होते ते तिसऱ्या महिन्यात पडलं, आणि त्यानंतर काही राहत नव्हतं. अंगावरून पांढरं जायचं, कंबर भरून यायची. मला दुसरं मूल हवं होतं. सासूला नातू हवा होता तो भाग वेगळा, मला मुलगा मुलगी काहीही चाललं असतं. मला पुन्हा एकदा मांडीवर लेकरू हवं होतं. म्हटलं, तपासतायत तर कारण तरी कळेल.

शिबिराला जायच्या सकाळी मी जे केलं ते आमच्या वस्तीतल्या प्रत्येक बाईने केलं. आंघोळ तर केलीच, पण त्याच्यावर कडुलिंबाचा पाला उकळून, त्यात तुरटी फिरवून, त्या पाण्याने आतपर्यंत धुतलं. एकदा नाही, दोनदा. आग आग झाली तरी धुतलं. हे मला कुणी शिबिरासाठी शिकवलं नव्हतं, ते लहानपणापासून अंगात मुरलेलं होतं. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावात माझी आई मला शाळेत पाठवताना, दवाखान्यात नेताना, कुणाच्या ओसरीवर निरोप घेऊन धाडताना एकच सांगायची. "मोठ्या लोकाच्या म्होरं जायचं तर दोन डाव आंग धुवायचं. वास येतो म्हणायला जागा ठेवायची न्हाई." ती धर्म बदलून मोकळी झाली, देव्हारा गेला, नवससायास गेले, पण हा दोन डाव धुवायचा नेम काही सुटला नाही. मी डी.एड. झाले तरी माझाही सुटला नाही.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी आडनाव विचारलं आणि आडनावावर त्यांचं भागलं. काय होतं, कधीपासून होतं, हे काही विचारावंसं त्यांना वाटलं नाही. तोंडावर रुमाल बांधून, हात लांब करून त्यांनी लाकडी काडीने आतून पुसून घेतलं, काचपट्टीवर फासलं आणि पट्टी बरणीतल्या औषधात बुडवली. मी एवढी धुऊन गेले होते, तरी त्यांनी रुमाल काढला नाही. बाहेर पडल्यावर वस्तीतल्या बायका मला म्हणाल्या, बाई, लय झोंबायलंय. मी म्हटलं, मलाही झोंबतंय, चला.

त्या काचपट्टीचा निकाल म्हणजे ते पाकीट. इंग्रजीत टाइप केलेला कागद. सगळ्यात वर ठळक अक्षरांत क्लास थ्री. खाली लिहिलेलं होतं की संशयास्पद पेशी आहेत, कॅन्सर आहे असं खात्रीने म्हणता येत नाही, पुन्हा तपासणी करावी. शेजारच्या वर्गाच्या बाईंना एवढ्यातला कॅन्सर तेवढा कळला होता. दुपारनंतर त्या माझ्या खुर्चीवर बसेनात.

मालक आणि मी परभणीला एका खाजगी डॉक्टरकडे गेलो. हे पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, साहेबासमोर बसायची त्यांना सवय नव्हती, ते उभेच राहिले. डॉक्टरने कागद पाहिला आणि खडूने फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं, कारण मी शिक्षिका आहे हे त्याला कळलं होतं. पाच क्लास असतात म्हणाला. पहिला म्हणजे स्वच्छ. दुसरा म्हणजे सूज, जंतू, घाबरायचं काही नाही. चौथा आणि पाचवा म्हणजे कॅन्सर. तिसरा मधला.

मी विचारलं, "म्हणजे मला कॅन्सर आहे का?"

"नाही म्हणता येत नाही."

"मग आहे म्हणता येतं?"

"तसंही म्हणता येत नाही."

"मग काय म्हणता येतं?"

तो ह्यांच्याकडे वळला. पिशवी काढून टाका, म्हणाला. माझ्याशी बोलून त्याचा वेळ जात होता. एक मूल आहे ना, मग पिशवी ठेवून करायचं काय, पुढे भलतंच काही निघालं तर मला बोलायचं नाही. मी म्हटलं, खाली तर पुन्हा तपासणी करा लिहिलंय. तो म्हणाला, ते छापीलच असतं. छापील नव्हतं ते, टाइप केलेलं होतं, मला दोन्हींतला फरक कळत होता. आणि वर म्हणाला, "बाई, डॉक्टर तुम्ही का मी?" ह्यांनी मान डोलावली. सापाचा पत्ता नव्हता आणि हे दोघे माझ्या अंगाची भुई धोपटायला निघाले होते. ऑपरेशनचा दिवस ठरला. संमतीची सही नवऱ्याची लागते म्हणाले, ती ह्यांनी तिथेच केली. बाईची सही कुणी मागितली नाही. पगारपत्रकावर माझी सही चालत होती, पोरांच्या दाखल्यावर चालत होती, माझ्या पोटावर तेवढी चालत नव्हती.

घरी आलो आणि दुष्काळात तेरावा महिना सुरू झाला. सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. त्यांनी डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं ताट, वाटी, तांब्या आणि चहाचा कप मोरीच्या कट्ट्यावर वेगळा मांडला. कामून, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लेकराबाळाचं घर हाय. लागलं बिगलं म्हंजी?" मी धर्म बदलल्यावर भिंतीवर लावलेल्या तसबिरीकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. त्यांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी बाहेर खोबणीत कप ठेवलेला असायचा. ती गोष्ट त्यांनीच मला किती वेळा सांगितली होती, दातओठ खाऊन सांगितली होती. तोच कप आता त्यांनी माझ्यापुढे ठेवला. शाळेत मला वरून पाणी ओतत होते त्याचा मला राग यायचा. ह्या कपाने मात्र माझ्या पोटात आग पेटली, आणि खरं सांगायचं तर ती अजून विझलेली नाही.

ह्यांना म्हटलं, तुमच्या आईला सांगा. हे म्हणाले, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. म्हातारं माणूस पक्कं हुशार होतं. सोनपेठला ह्यांच्या मामाची मुलगी होती, नवऱ्याने टाकलेली, तरुण. पिशवी निघाल्यावर तिला आणायची असं मायलेकरांचं चाललं आहे हे मला शेजारणीने सांगितलं. सरकारी नोकराला दुसरी बायको करता येत नाही, हे ह्यांना मुखपाठ होतं. म्हणून लग्न लावायचं नव्हतं, नुसतं आणून ठेवायचं होतं. मी समोर जाऊन विचारलं तेव्हा हे म्हणाले, तसं काही नक्की नाही. डॉक्टरचीच भाषा ह्यांच्याही तोंडात आली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही जिंतूरच्या स्टँडवर उभे होतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या, मुलगी माझ्या आईकडे होती. परभणीची गाडी यायची होती आणि समोर औरंगाबादची लागली होती. मी काही ठरवून गेले नव्हते. सामानाची पिशवी ह्यांच्या हातात होती, ती मी घेतली आणि औरंगाबादच्या गाडीत चढले. ह्यांना वाटलं माझी चूक झाली. खिडकीशी येऊन म्हणाले, अगं ही नाही, ती. मी म्हटलं, मला माहीत आहे. माझी मावशी औरंगाबादला आहे, तिथे मोठा सरकारी दवाखाना आहे, तिथे मी पुन्हा तपासणार. हे म्हणाले, डॉक्टर वाट बघत असतील, मी काय सांगू त्यांना? मी म्हटलं, सांगा, येणार म्हणता येत नाही आणि येणार नाही असंही म्हणता येत नाही. गाडी सुटली तेव्हा हे हातात छत्री धरून उभे होते. चढले नाहीत. मी जागा धरली होती, शेजारची, तेवढी मूर्ख मी होते.

देवगाव फाट्याला गाडी थांबली. उतरले असते तर आईच्या घरी गेले असते, लेकीला जवळ घेऊन रडले असते आणि चार दिवसांत माहेरचेच मला परभणीला पोहोचवून आले असते. मी खिडकीला तोंड लावून बसून राहिले.

औरंगाबादच्या दवाखान्यात ओपीडीची रांग सकाळी लावली ती दुपारी पुढे सरकली. आतली डॉक्टर पन्नाशीच्या पुढची, तोंडाने फटकळ, कुणालाही अगं-तुगंच करणारी. कागद बघून म्हणाली, "पिशवी काढायला निघाले होते ना?" मी हो म्हटलं. ती काहीतरी पुटपुटली, ती शिवीच असावी. मग टेबलावर झोपवून तपासायला लागली आणि एकदम थांबली.

"आत काय घातलंस?"

मी त्या सकाळीही नेमाने धुऊन गेले होते. मावशीकडे पाला नव्हता, तुरटी होती. सांगितलं.

"शिबिराच्या दिवशी पण?"

"हो."

"सगळं सोलून काढलंयस. कशासाठी?"

"वास येऊ नये म्हणून."

"कुणाला?"

झोपल्या झोपल्या मला कसं सुचलं माहीत नाही. इतकी वर्षं घशात अडकलेलं होतं ते निघालं. "तुमच्यासारख्या लोकांना," मी म्हटलं.

वाटलं, आता हाकलून देणार. शेजारची नर्स माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टर हात धुवायला गेली, पाठमोरीच म्हणाली, "मला घाणच बघायची असते. त्याचाच पगार घेते मी. धुऊन आलीस तर बघू काय, तुरटी?" परत येऊन तिने समजावलं, तेही ओरडूनच. आत सूज असली, आग झाली की पेशींची तोंडं बदलतात, मग काचेखाली बघणाऱ्याला त्या चांगल्या का वाईट हे सांगता येत नाही. तुझा तिसरा क्लास तुरटीनेच आला असं मी म्हणणार नाही, म्हणाली, पण एवढ्या संशयावर कुणाचा अवयव कापत नाहीत, औषध देतात आणि पुन्हा बघतात. मला गोळ्या दिल्या, पुढच्या पाळीनंतर बोलावलं, आणि बजावलं की येताना आधीचे दोन दिवस आत पाणीसुद्धा घालायचं नाही.

सांगायला लाज वाटत नाही, ते दोन दिवस मला सगळ्यात जड गेले. मावशीच्या न्हाणीत बादली भरलेली असायची आणि माझा हात आपोआप तिकडे जायचा. तशीच डॉक्टरसमोर जायचं म्हणजे सगळ्या वस्तीची अब्रू उघडी टाकायची, असं मला वाटत होतं. आईचा आवाज कानात. पण त्याच्यापेक्षा त्या परभणीच्या डॉक्टरचा राग मोठा होता, त्या रागाच्या जोरावर मी न धुता गेले. डॉक्टरने काडी फिरवली, काच फासली, आणि तिने तोंडाला रुमाल लावला नाही.

निकाल क्लास टू आला. सूज आहे, ती उतरतेय, कॅन्सरच्या पेशी नाहीत. डॉक्टर म्हणाली, दर वर्षी येऊन दाखवायचं. मूल हवंय? मी मान हलवली. मग होऊ दे की, म्हणाली, पिशवी चांगली आहे. मी तिथे रडले नाही, पण जिना उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या, इतका आनंद झाला होता.

त्या आनंदातच जिंतूरला उतरले. पुढे शिबिर आलं की वस्तीतल्या बायकांना सांगायचं, धुऊन जाऊ नका, असं घोकत घरी गेले. रविवार होता. हे ओसरीत बसले होते, सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी कागद पुढे धरला आणि म्हटलं, काही नाही निघालं. ह्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि आईकडे बघितलं. आनंद नव्हता तोंडावर. हिशेब चुकलेल्या क्लार्कचं तोंड होतं ते. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मंग मामाला निरोप धाडावा लागंल," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनं तर बोचकं बी बांधलंय."

मी ह्यांना विचारलं, बोलणं झालं होतं? हे म्हणाले, "तू निघून गेलीस. तुझं काय होईल ते सांगता येत नव्हतं. मी काय करायला पाहिजे होतं?"

माझ्या पोटात मरण आहे का नाही हे ठरायच्या आत ह्या माणसाने माझी जागा भरून टाकली होती. मी औरंगाबादला गोळ्या गिळत दिवस मोजत होते तेव्हा हा सोनपेठच्या गाडीत होता. त्या दिवशी मला नवऱ्याची किळस आली. दुसरा शब्द मी शोधला नाही, शोधायची गरजही वाटत नाही.

सोनपेठचं बोलणं मोडलं. सासूबाईंनी माझी भांडी आपल्या हाताने फडताळात ठेवली आणि त्या रात्री गोड केलं. आता नातू दे, म्हणाल्या. हे अंथरुणावर जवळ सरकले तेव्हा मी म्हटलं, डॉक्टर म्हणाली, अजून नाही. सूज आहे. क्लास टू आहे, वन नाही.

हे लगेच बाजूला झाले. घाबरले होते. त्या दोन क्लासांमधलं अंतर किती असतं हे ह्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा औरंगाबादला गेले, पुन्हा क्लास टू आला, आणि घरी येऊन म्हटलं, अजून संशय आहे म्हणतात. सासूबाई डॉक्टरांना शिव्या द्यायच्या, हे मान खाली घालून ऑफिसला जायचे. कागद कुणी मागितला नाही. मागितला असता तर दिला असता.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरने कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, बघ, क्लास वन, एकदम स्वच्छ. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, मूल हवं होतं ना तुला, अजून कसं नाही? मी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. बोलले असते तर ती मला ओरडली असती, आणि तिचं ओरडणं मला आवडायला लागलं होतं, मी तिचं ऐकलं असतं.

घरी ह्यांनी विचारलं, काय म्हणाली डॉक्टर. मी म्हटलं, नाही म्हणता येत नाही म्हणाली. मी न्हाणीत गेले, कडी लावली, नळ मोठा सोडला आणि रडले. माझी पिशवी स्वच्छ होती, मी पस्तिशीत होते, आणि मला मूल हवं होतं. फक्त ह्या माणसाचं नको होतं, आणि दुसऱ्या कुणाचं मला होणार नव्हतं.